खाटेजवळचं बटण

काका गेले. 

ते वायरमन होते. मी शेजारच्या खोलीत राहतो, मधली भिंत एकच. वयात केवढं तरी अंतर, तरी ते माझी ओळख "हा माझा दोस्त" अशीच करून द्यायचे.

काका डावरे होते. कामावरचा जोडीदार त्यांना डावऱ्या म्हणायचा. "उलट्या हाताचा माणूस, उलटी बटणं," असं चिडवायचा. बटण खाली दाबलं की दिवा लागतो, हे साऱ्या जगात. काकांच्या खोलीत वर दाबलं की लागायचा. स्वतःचं घर झालं तेव्हा त्यांनी हौसेने सगळी बटणं उलटी बसवली होती. पाहुणा खटखट करत राहिला की काका खूश.

त्यांची बायको, आमची मावशी, लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. तिचं टेबल खिडकीशी होतं. लग्नानंतर काकांनी घरात विजेचा पहिला पॉइंट काढला तो तिथे, इस्त्रीसाठी. तिला वारा लागावा म्हणून.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. खाट आतल्या भिंतीशी, मध्ये कपाट. एका दुपारी पाण्याचा घोट घशात अडकला. त्यांना हाक मारता येईना. मावशी इस्त्री करत होती. ती सहज डोकावली, तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. पाठीवर थापा मारून मारून तिने श्वास परत आणला.

संध्याकाळी ती माझ्या दारात आली. 

"टेबल खाटेशी न्यायचंय. इस्त्री करताना मला ते समोर दिसले पाहिजेत. त्यांच्या जोडीदाराला बोलाव."

वायर लांबवून भागलं असतं. पण एक्स्टेन्शनवर इस्त्री लावणाऱ्यांशी काका जन्मभर भांडले होते. त्यांच्याच घरात ते कोण करणार?

जोडीदार आला तो बोलतच.

"काय डावऱ्या, शेवटी मलाच हात लावू देतोस ना तुझ्या वायरिंगला?"

काकांनी मान हलवली. नाही.

"नाही काय नाही! वहिनींचा हुकूम आहे."

काकांनी डाव्या हाताने खिडकी दाखवली. मग मावशीच्या कपाळावरचा घाम.

"वारा गेला चुलीत," मावशी म्हणाली. "वाऱ्याशी लग्न लावलंय का मी? मला तुमच्याकडे बघायचंय."

जोडीदार खाकरला. "मी जरा बाहेर जाऊन येऊ का, वहिनी?"

काका हसले. अर्ध्या तोंडाने. खाटेलगतची भिंत नजरेने मापली. मग त्यांनी हात पुढे केला. जोडीदाराने त्यात पेन्सिल दिली. खाटेच्या डाव्या अंगाला भिंत होती. उशीपासून हातभर अंतरावर त्यांनी फुली मारली.

"अरे, इतक्या जवळ? टेबलाच्या मागे घेऊ की."

काकांनी त्याच फुलीवर पुन्हा पेन्सिल फिरवली. ठसठशीत.

जोडीदाराने भिंतीवरून पट्टी ठोकत वायर आणली. तोवर काका दमून झोपले होते. बटण बसवताना त्याने मला डोळा मारला. "या घरात एक तरी बटण शहाणं असू दे." त्याने ते सरळ बसवलं. खाली दाबलं की चालू.

दोन-चार दिवस मावशी सांभाळून होती. मग एकदा इस्त्री चालू असतानाच वीज गेली. येईना. तिने भिंतीकडे पाहिलं. बटण खाली होतं. तिच्या इतक्या वर्षांच्या सवयीत खाली म्हणजे बंद. गार झालेली इस्त्री शर्टावरच ठेवून ती बादली घेऊन नळावर आली. मीही तिथेच होतो.

पाणी भरत असताना आजूबाजूचे रेडिओ सुरू झाले. आम्ही बादल्या घेऊन परतलो. दारातच करपल्याचा वास. मावशीने बादली टाकली आणि आत धावली.

शर्टावर इस्त्रीच्या आकाराचा पिवळा डाग. आणि काका, मान उचललेली, डावा हात भिंतीवर ताणलेला. बोट अजून बटणावर होतं. बटण वर होतं, म्हणजे बंद.

मावशी खाटेवर बसली. "म्हणून फुली तिथे मारलीत?"

काकांनी मान डोलावली. मग डागाकडे बघून ओशाळले, जणू उशीर त्यांनीच केला होता.

दुसऱ्या दिवशी जोडीदाराने कान धरले आणि बटण उलटं केलं. त्या दिवसापासून ते बटण काकांचं. मावशी कपडा पसरायची आणि म्हणायची, "हं." काका बटण वर करायचे. काम संपलं की पुन्हा "हं." कधी ते मुद्दाम करायचे नाहीत. हात छातीवर ठेवून पडून राहायचे.

"अहो, लोकांचे कपडे आहेत!"

काका तांब्याकडे बोट दाखवायचे. म्हणजे आधी बस, पाणी पी. ती कुरकुरत बसायची, प्यायची. मगच इस्त्री तापायची. वर ते मिशीतलं हसू. "दादागिरी बघ तुझ्या दोस्ताची," ती मला सांगायची.

काका गेल्यावर काल तिने पहिल्यांदाच टेबल मांडलं. माझाच शर्ट घेतला. पसरला, पाणी शिंपडलं.

"हं," म्हणाली.

आणि थांबली.

खाटेवर नुसती चादर होती, घडी घातलेली. मी पुढे झालो.

"राहू दे रे."

ती टेबलाला वळसा घालून खाटेवर बसली. तांब्या उचलला. सावकाश पाणी प्यायली. मग हात लांब करून तिने बटण वर केलं.