चूक अक्काची नव्हती

माझी बायको मंजुळा, गावाची अक्का, गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो. जळगावच्या दवाखान्यातून तिची दोन लुगडी घ्यायला गावी आलो होतो. लुगडी पिशवीत भरली, दाराला कुलूप लावलं आणि लेकीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "नाना, आता घाई करू नका." मी कुलूप पुन्हा उघडलं आणि पिशवी मांडीवर घेऊन आतच बसून राहिलो... किती वेळ ते माहीत नाही. त्याला आता दीड महिना झाला. मी चौथी शिकलेला सुतार माणूस. लेकीनं शुद्धलेखन तेवढं तपासलं, बाकी शब्द माझे. आणि मी हे रडायला लिहीत नाही. तिच्या माथी नऊ वर्षं एक चूक मारलेली आहे, ती उतरवायला लिहितोय.

आमचं गाव भुसावळजवळ, तापीच्या काठावर. धरणाचं पाणी अडलेलं असल्यामुळे इथं नदीचा तलावच झाला आहे. घाटावर सकाळपासून गर्दी. पलीकडे जाणाऱ्या मोटरबोटी, त्यात माणसं, मोटरसायकली, दुधाचे कॅन, केळीचे घड. मासे धरणाऱ्यांच्या छोट्या डोंग्या वेगळ्या. मंजुळा शिरपूरकडची, तिथल्या नावाड्यांच्या घरातली. आमच्याकडे 'हाये' म्हणतात, ती मरेपर्यंत 'शे' म्हणायची. मोटरबोटी आल्या तशा लाकडी नावा काठावर पालथ्या पडल्या, कोणी चुलीला फोडल्या. माझ्या बापानं बांधलेली नावही गोठ्यामागं पडून होती. मंजुळाला ते बघवेना. तिनंच काढलं की दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला जुन्या नावांची शर्यत घ्यायची. नाव लाकडाचीच हवी, शीड कापडाचंच, वल्ही हाताची. लोक हसले. एक जण मला म्हणाला, "नाना, बायको आवर, नाहीतर उद्या तुलाच शीड बांधील."

पण तिनं शर्यत भरवली, आणि सात वर्षं भरवली. शर्यतीचे दोन तास मोटरबोटींनी मशीन बंद ठेवायचं, हे ती प्रत्येक बोटवाल्याच्या ओट्यावर बसून कबूल करून घ्यायची. "बठ्ठा मना भाऊ शेतस, भाऊबीजले साडी नको, दोन तास द्या," असं सगळ्यांना भाऊ करून म्हणायची. मासे धरणाऱ्यांची जाळी आदल्या दिवशी उचलून घ्यायला लावायची. मार्ग दाखवायला केळीचे खांब दगड बांधून पाण्यात सोडायची. ते वरच्या वर तरंगत राहायचे आणि नावांनी त्यांना वळसा घालून परत यायचं. सगळ्यात जुनी नाव आधी सुटायची, नवी मागून. ती घाटावर उभी राहून पितळी परात वाजवायची आणि एकेक नाव सोडायची. दोन्ही काठांवर ही माणसं! जळगावहून, भुसावळहून लोक यायचे. मला मनातून अभिमान वाटायचा, पण तोंडानं मी कधी म्हटलं नाही.

तिचा एकच नियम फार कडक होता. वर्षभर उन्हात पडलेल्या नावेचं लाकूड आक्रसतं, फळ्यांचे सांधे उघडतात. म्हणून शर्यतीआधी प्रत्येक नाव दगड भरून पाण्यात बुडवून ठेवायची, आठ दिवस. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आपोआप मिटतात. लांबी-डांबर काही करा, त्याला तोड नाही. आठाचे सात झाले तरी ती नाव शर्यतीत घ्यायची नाही. सुतार मी, पण हे तिचं ऐकायचो.

सातव्या वर्षी कोणी मोठे पाहुणे येणार, फोटो निघणार असं ठरलं. मंजुळा चार-पाच दिवस माहेरकडच्या, तिथंच बुडवून ठेवलेल्या नावा आणायला शिरपूरला गेली होती. माझ्या मनात आलं, बापाची नाव काळीकुट्ट दिसते, रंगवावी. ओल्या लाकडावर तेलरंग धरत नाही. म्हणून मी तिसऱ्याच दिवशी नाव वर काढली, उन्हात वाळवली आणि निळा रंग दिला. सुताराला हे कळायला नको होतं का? कळत होतं. सांध्यांत कापूस आणि डांबर भरलं आणि मनाला म्हटलं, एका दिवसाचं तर काम आहे.

ती आदल्या दिवशी आली. रंगावरून हात फिरवला. "नाव फुगनी का?"

"फुगली."

"आठ दिन पाणीमा होती ना?"

"होती म्हणतो ना! मी काय कालचा सुतार आहे?"

तिनं माझ्या शब्दावर ती नाव शर्यतीत घेतली.

शर्यत अर्धी झाली आणि घाटावर एका बाईला आणलं. दिवस भरले होते, कळा सुरू झाल्या होत्या, पलीकडच्या काठावर गाडी तयार होती. रामचंद्र बोटवाला धावत आला, "अक्का, काय करू?" मंजुळानं नदीकडं पाहिलं, नावा लांब होत्या. म्हणाली, "जाय. पण हळू, लाट उठाले नको." तो हळूच गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. लाट वीतभरसुद्धा नव्हती. पण आमची निळी नाव केळीच्या खांबाला वळसा घालत होती आणि तेवढ्या लाटेनं तिचा सांधा उघडला. पाणी भरलं, नाव आडवी झाली आणि वाऱ्यानं ढकलली जाऊन बोटीपुढं आली. नावेवर सुकदेव होता, माझा दोस्त. रामचंद्रानं बोट वळवली, पण सुकदेवचा उजवा हात दोन्हींच्या मध्ये सापडला. जीव वाचला. हाताची बोटं मात्र पुन्हा वळली नाहीत. त्या बाईला त्याच दुपारी मुलगी झाली.

संध्याकाळी गाव घाटावर जमलं. "शर्यत चालू असताना बोट सोडलीच कशी?" "बाईच्या हातात कारभार दिला की असंच होणार." मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं... चूक स्वतःवर घेऊन ती म्हणाली, "चूक मनी शे. आजपासून शर्यत बंद."

दुसऱ्या दिवशी ती नावेची फुटलेली फळी घरी घेऊन आली. विळ्यानं निळा रंग खरवडला, तुटल्या कडेला नख लावलं. आत लाकूड कोरडं ठक्क होतं. म्हणाली, "कोरडं शे." बस. मग तिनं फळी फोडली आणि चुलीत घातली. त्या जाळावर भाजलेली भाकरी तिनं मला वाढली आणि मी खाल्ली. त्यानंतर या गोष्टीवर आम्ही दोघं कधीच बोललो नाही. मला वाटायचं, सांगितलं तर माझ्याकडं दार-चौकट करायलाही कोणी येणार नाही. आणि ती दर गुरुवारी डबा घेऊन सुकदेवकडं जायची, त्याच्या बायकोची बोलणी खाऊन यायची. मी एकदाही गेलो नाही.

ती गेल्यावर पंचायतीनं शोकसभा घेतली. सरपंच चांगला माणूस आहे. पण बोलता बोलता म्हणाला, "अक्कांकडून एक चूक झाली, पण गावानं ती कधीच पोटात घातली. आता त्यांच्या नावानं शर्यत पुन्हा सुरू करू." लोकांनी माना डोलावल्या. जी चूक तिनं केलीच नाही तिची माफी गाव तिच्या फोटोला देत होतं, आणि मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेलो. उठायचं होतं. उठलो नाही.

तिसऱ्या दिवशी सुकदेवच्या घरी गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो हात मांडीवर ठेवून ऐकत राहिला. त्याची बायको मात्र आतून आली आणि म्हणाली, "नाना, नऊ वर्षं मी त्या बाईले शिव्या देल्या. तिचा डबा कुत्र्याले घातला. आता त्या शिव्या मी कोठी घेऊन जाऊ, सांग ना?" निघताना सुकदेव एवढंच बोलला, "मले सांगून काय फायदा? गावाले सांग."

सरपंच म्हणतो, "नाना, आता कशाला उकरता? झालं गेलं." मी म्हटलं, तिचं नाव शर्यतीला खुशाल द्या. पण पहिली नाव सुटायच्या आधी मी लिहिलेलं हे घाटावर मोठ्यानं वाचा. मला वाचता येईल की नाही माहीत नाही, पण मी तिथं उभा राहीन.

घाटावर खालून तिसरी पायरी तिची. शर्यत बंद झाल्यावरही ती रोज सकाळी तिथं बसायची आणि येणाऱ्या मोटरबोटीला ओरडायची, "हळू रे, डोंग्या शेतस!" परवा मी घाटावर गेलो होतो. रामचंद्राची बोट भरून आली आणि त्या पायरीसमोर येताच मशीनचा आवाज खाली बसला. पायरीवर कोणी नव्हतं, जवळपास डोंगीही नव्हती. मी म्हटलं, "रामचंद्रा, आता कोणाले भितो?"

"भीत नाही, नाना," तो म्हणाला, "हात आपसुक जातो."

त्याच्यामागून आलेली बोटही तिथं हळू झाली, आणि तिच्यामागची पण... मी वरच्याच पायरीवर उभा होतो. खाली जाऊन बसायची अजून माझी हिंमत नाही.