सुतकातलं मत
आज मतदान केंद्रात शिरताच शाईचा उग्र वास आला आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीतली आई डोळ्यांपुढं उभी राहिली. आमचे खासदार वारले होते, म्हणून नांदेडात पुन्हा मतदान होतं. इकडं आमचे वडील जाऊन आठवडाही झाला नव्हता. आई मला घेऊन मताला निघाली तसे थोरले चुलते दारात आडवे आले. "सुतकात बाई उंबरा ओलांडत न्हाई." "खासदार गेले म्हणून सरकार सुतक धरून बसलंय का?" असं म्हणत आईनं चपला घातल्या. नायगावच्या रस्त्यानं कापूस वेचणाऱ्या बाया हातातलं काम थांबवून तिच्या उघड्या कपाळाकडं बघत राहिल्या, पण तिनं मान खाली घातली न्हाई. शाळेत अधिकाऱ्यानं तिचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. घरात तर तेव्हा सगळे तिला नुसतं 'बिचारी' म्हणत होते. "हाय!" ती एवढ्या जोरात म्हणाली की सारी रांग वळून बघू लागली. परतलो तर चुलत्यांनी अंगणात पाण्याची बादली ठेवलेली. "आधी आंघोळ कर, मग घरात ये." आईनं शाईचं बोट त्यांच्यापुढं धरलं. "करते की भावजी. पण हे काई धुऊन जायचं न्हाई." तेवढ्यात आज समोर बसलेल्या अधिकाऱ्यानं माझं नाव पुकारलं, आणि मी पार बाहेरच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "हाय!"