फी न वाढल्याचा संशय

गल्लीत सगळे त्यांना कुलूपमामा म्हणत. जिन्याखालच्या टपरीत बसून ते किल्ल्या घासत आणि किल्ली हरवलेल्यांच्या घरी जाऊन कुलपं उघडून देत. घर तुमचंच कशावरून, हे विचारल्याशिवाय त्यांनी कधी कुणाच्या कुलपाला हात लावला नाही. एकदा तर सख्ख्या मेहुण्यालाच शेजाऱ्याची साक्ष आणायला लावली होती. मेहुणा वर्षभर बोलला नाही, आणि मामींच्या मते तेवढाच काय तो या संशयी स्वभावाचा फायदा.

मुलगी कॉलेजात गेली आणि मामांच्या संशयाला कुरणच मिळालं. फी दरवर्षी वाढे. गेल्या वर्षी मामा कॉलेजच्या खिडकीशी जाऊन भांडून आले. फळा तोच, बाकं तीच, मग पैसे जातात कुठे? खिडकीतल्या बाईंनी खिडकी लावून घेतली. घरी येऊन मामांनी जाहीर केलं, की पुन्हा वाढली तर कॉलेज बंद, हिने सरळ एखाद्या दुकानात उभं राहावं.

यंदा मुलगी म्हणाली, फी वाढली नाही.

दुसरा बाप सुटलो म्हणाला असता. मामांच्या मनात पाल चुकचुकली. बसभाडं वाढलं, साबण महागला आणि कॉलेज तेवढं आहे तिथेच? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. मुलगी उशिरा घरी येऊ लागली होती. मनगटावर भाजल्याचा डाग होता, विचारलं तर चहा सांडला म्हणाली. आणि कपाटाच्या तिच्या कप्प्याला कुलूप लागलं होतं, तेही बापाच्या टपरीतलं नव्हे, बाजारातून विकत आणलेलं. मामांना तेच जास्त झोंबलं.

मुलीने कॉलेज सोडलं, फीचे पैसे कुणा पोराच्या घशात गेले, असं काहीबाही त्यांच्या मनात येऊ लागलं. शेवटी एका दुपारी मामी बाहेर गेल्यावर त्यांनी त्या कुलपात वाकडी तार घातली. कुलूप हलक्या जातीचं, शिवाय आतून कोरडं. उघडताना चांगलंच कुरकुरलं.

आत प्रेमपत्र नव्हतं. पुस्तकं होती, भाजल्यावर लावायचं मलम होतं आणि एका लॉन्ड्रीचा निळा एप्रन होता. त्याला खळीचा वास येत होता. मामांनी सगळं होतं तसं ठेवलं, कुलूप लावलं आणि हाताच्या सवयीने त्यात तेलाचे थेंब सोडले. कुरकुरणारं कुलूप तसंच सोडून जाणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

संध्याकाळी मुलीने किल्ली फिरवली आणि ती तिथेच थांबली.

"बाबा, कुलपाला तेल कुणी घातलं?"

घरात तेल घालणारं दुसरं कोण होतं? मुलगी रडली नाही, ओरडली नाही. तिने सांगितलं, की फी यंदाही वाढली, दरवेळेपेक्षा जास्त. ते सांगितलं असतं तर घरी बसावं लागलं असतं, म्हणून वरचे पैसे ती कॉलेज सुटल्यावर लॉन्ड्रीत चादरी इस्त्री करून भरत होती. आईला माहीत होतं. एवढं शेवटचं वर्ष निघालं की झालं.

मामांना लाज वाटली. भाजलेलं मनगट त्यांना बघवेना. ते म्हणाले, "उद्यापासून त्या कामाला जाऊ नकोस. वाढली तर वाढली, मी भरतो."

मुलीचे डोळे भरून आले. लहानपणी ताप उतरल्यावर बघायची, तशी ती बापाकडे बघू लागली. किती दिवसांत तिने असं बघितलं नव्हतं. मामांना फार बरं वाटलं. इथे त्यांनी गप्प बसायला हवं होतं.

"पण वाढली हे नक्की ना?" ते म्हणाले. "म्हणजे, पावती असेलच तुझ्याकडे."

बोलून झाल्यावर ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. मुलीने डोळे पुसले, पुस्तकांतून पावती काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत जाण्यासाठी एप्रन पिशवीत भरला.