पाचरी मारलेला पलंग

आमच्या यांना अख्खं बेट परवामिस्त्री म्हणतं. खुर्ची कधी मिळेल असं कुणी विचारलं, की हे रंध्यावरून मान वर न करता सांगणार, "परवा." तो परवा कधी उजाडणार हे यांनाही ठाऊक नसतं. पण बेटावर दुसरा सुतार नाही, त्यामुळे लोक कुरकुरतात, हसतात आणि वाट बघतात. मी मात्र लग्न झाल्यापासून पॉलिशचा बोळा हातात घेऊन यांच्या मागे धावते आहे. आता पाय दुखतात आणि खरं सांगायचं तर जीवही कंटाळलाय.

धक्क्याला लागून आमची लांबट शेड आहे. पुढे कारखाना, मधे पडदा आणि पडद्यामागे संसार. पडदा नुसता नावाला. भुसा चहात येतो, उशीत येतो, पिठाच्या डब्यात झाकणाखाली कसा शिरतो ते त्यालाच माहीत. पाहुणे म्हणतात, लाकडाचा वास किती छान येतो हो तुमच्याकडे! चार दिवस राहा म्हणावं, मग सांगा.

गेल्या वर्षी मला खोकला जडला तो गेलाच नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि स्पष्टच सांगितलं, हा भुसा आणि ही ओल सोडा, नाहीतर पुढे श्वास घेणं अवघड होईल. पलीकडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या मुलीनं लगेच तिच्या शेजारीच दोन खोल्या बघितल्या, तळमजल्यावरच्या, कोरड्या. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एकजण शेड घ्यायला तयार झाला. सगळं जुळून आलं. यांनी फक्त एवढंच म्हटलं, "हातातला पलंग पुरा करू दे. तो रवाना झाला की निघू."

तो पलंगही पलीकडच्याच एका गिऱ्हाइकाचा होता. मोठी वस्तू आमच्या बेटावरून कधी अखंड जात नाही. शेडचं दार अरुंद आणि लाँचची फळी त्याहून अरुंद. खिळे मारावेत तर खारी हवा ते खाऊन टाकते. म्हणून हे प्रत्येक वस्तू सुटी होईल अशी बनवतात. सांध्यात लाकडी पाचर ठोकायची, की वस्तू उभी. पाचर काढली की पुन्हा सुट्या फळ्या. त्या लाँचमधून न्यायच्या आणि पलीकडे स्वतः जाऊन जोडून द्यायच्या. एक गोष्ट मात्र पाळायची. दमट महिन्यांत नुसतं कापायचं, तासायचं आणि तुकडे भिंतीला टेकवून ठेवायचे. जोडून बघायचं ते कोरडा वारा सुटल्यावर. दमट हवेत लाकूड फुगतं आणि ठोकलेली पाचर जी आवळून बसते ती बाहेर येत नाही. हे इथल्या मासे विकणाऱ्या बाईलासुद्धा माहीत आहे. ठरल्याप्रमाणे हे पलंगाचे तुकडे तसेच नेऊन पलीकडे जोडणार होते.

त्या दिवशी मी दवाखान्यातून परत आले तर शेडच्या मधोमध पलंग उभा. भिंतींना घाम सुटलेला, दारं चिकटून बसलेली, आणि हा जोडलेला पलंग! सगळ्या पाचरी आतपर्यंत ठोकलेल्या. लाँचवाला सामान कधी न्यायचं ते विचारायला आला होता. त्यानं एका पाचरीवर उलट्या बाजूनं दोन ठोके मारून बघितले आणि हसायला लागला.

"मिस्त्री, हा काय हलत नाही आता. वारा सुटेपर्यंत तुम्हीच झोपा ह्यावर."

माझं डोकं फिरलं. "मुद्दाम केलंत ना हे? जायचं नाही तर तसं तोंडानं सांगायचं. मला असं खेळवायचं कशाला?"

यांनी पलंगाकडे बघितलं, लाँचवाल्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. चोरी करताना सापडलेल्या पोरासारखं हसले. "हो, मुद्दामच केलं. नाही जायचं मला."

लाँचवाल्याला तेवढंच हवं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या धक्क्यावर झालं, परवामिस्त्रीनं बायकोला चांगलीच टोपी घातली. येणारा जाणारा दारातून डोकावायचा, पलंग बघायचा आणि यांच्या पाठीवर थाप मारायचा. हेही मान डोलवायचे. मी आत खोकत असायचे.

मी बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पण ताट आपटून. रागापेक्षा थकवाच जास्त होता. इतकी वर्षं या माणसाच्या लाकडाला मी घासून घासून चमक आणली, बोटांची कातडी गेली, छाती गेली, आणि याला माझ्या श्वासापेक्षा ही शेड प्यारी! मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू ये. बाबांना राहू दे तिथंच. एकटे पडले की येतील आपोआप."

मला ते पटलं. मी पिशवी भरली. यांना सांगितलं, "शुक्रवारच्या लाँचनं मी जातेय. तुम्ही बसा तुमच्या पलंगावर."

शुक्रवारी सकाळी मी पदर खोचून, पिशवी घेऊन पडद्याबाहेर आले तर हे पलंगापाशी उकिडवे बसलेले. हातात लाकडी हातोडा, कपाळावर घाम. "थांब गं जरा," म्हणाले, "मीही येतो. एवढा सुटा केला की निघूच."

मला एकदम भरून आलं. म्हटलं, आली अक्कल ठिकाणावर. मी पिशवी तशीच धरून उभी राहिले.

यांनी हातोडा खाली ठेवला, शेजारचा पाण्याचा तांब्या उचलला आणि पाचरीवर बारीक धार धरली.

"अहो, काय करताय?"

"थोडं पाणी मुरलं की सैल पडेल," हे म्हणाले. थट्टेनं नव्हे, अगदी शांतपणे, जसं एखाद्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसं. एक पाचर भिजवून झाली आणि हे दुसरीकडे वळले.

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. ओल्या लाकडाचं काय होतं हे या माणसानं अर्ध्या बेटाला शिकवलं होतं. ते आता त्याच्यापाशीच उरलं नव्हतं. मग त्या दिवशी पलंग जोडला तोसुद्धा, मुद्दाम नव्हे... मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. यांनी मला खरंच फसवलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

मी तांब्या हातातून काढून घेतला. यांनी वर बघितलं आणि माझा चेहरा बघून यांना कळलं, की मला कळलंय.

"चुकलं का गं काही?"

मी मानेनंच हो म्हटलं.

बराच वेळ हे ओल्या पाचरीवरून अंगठा फिरवत राहिले. "लोकांना सांगू नकोस," हळूच म्हणाले. "लबाड म्हणतात ते चालतंय मला."

बाहेर लाँचचा भोंगा झाला. लाँचवाल्यानं दारातून हाक मारली, "वहिनी, येताय ना? सुटतेय लाँच."

मी दारात जाऊन उभी राहिले, म्हणजे त्याला आतलं दिसू नये. खोकल्याची उबळ आली होती, ती कशीबशी दाबली आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "कशी येऊ रे बाबा! ह्या लबाड माणसाला एकटं सोडलं तर उद्या कपाटही जोडून ठेवेल!"

तो हसत हसत फळीवर चढला.