धोम्याच्या डोक्यातले खडे

बेला माझी धाकटी जाऊ. वसईजवळ गिरीजला आमची घरं पाठीला पाठ लावून, त्यामुळे तिच्याकडचं सगळं मला कळतं. आता कळतं तर कळतं, कानांत बोळे घालून बसू की काय?

बाईला लहानपणापासून एकच खोड. धोमा मासा साफ करताना त्याच्या डोक्यातून दोन पांढरे खडे निघतात. ते धुऊन ठेवायचे आणि भेटेल त्याला विचारायचं, "माशाला डोक्यात दगड कशाला लागतात हो?" सासरी आल्यावर सासूबाई म्हणायच्या, "फेक ते आणि कालवण बघ आधी." बारावी सायन्स होऊन तिचं लग्न झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं. पोरं मोठी झाली, आपापल्या मार्गाला लागली, आणि पन्नाशी उलटल्यावर ही बया कॉलेजात जाऊन बीएस्सीला नाव घालून आली! प्राणिशास्त्र शिकायचं म्हणे.

तिचा नवरा, माझा दीर बॅप्टिस्ट, अबोल माणूस. केळी आणि भाजीपाला, एवढंच त्याचं जग. तो म्हणाला, "खड्यांसाठी कॉलेज? बरं, जा. उत्तर मिळालं की ये परत वाडीत."

झालं! सकाळी माठाच्या भाजीच्या जुड्या बांधायला बेलाच्या जागी कोण? मी. दुखरी बोटं घेऊन. चिडू नको तर काय करू?

आणि उत्तर तिला पहिल्याच आठवड्यात मिळालं. धावत माझ्याकडे आली. "वहिनी, ते त्याच्या कानातले खडे! त्यांच्यामुळे त्याला ऐकू येतं, तोल सांभाळता येतो. आणि कापून बघितलं तर आत वर्षावर्षाची वळी दिसतात, माशाचं वय कळतं!" मग एकदम आवाज खाली. "ह्यांना सांगू नका हां. सांगितलंत तर माझं कॉलेज संपलं."

"अगं, कुमसाराला, पापं कबूल करायला, गेलीस की फादरना काय सांगशील?"

"फादरना सांगेन. ह्यांना नाही."

रोज संध्याकाळी बॅप्टिस्ट पायाची माती धूत विचारायचा, "शिकवलं का ते?" ही म्हणायची, "अजून नाही." पाऊस गेला, नाताळ गेला, तरी अजून नाहीच.

जानेवारीत एका सकाळी तो रविवारी चर्चमध्ये मिसाला घालायचा शर्ट घालून माझ्या दारात. "वहिनी, चला कॉलेजात. एका प्रश्नाला किती महिने लावतात, विचारून येऊ." नाही म्हणावं तर संशय, जावं तर पंचाईत. गेले मुकाट.

शिकवणाऱ्या निधी मॅडम माझ्या मुलीहून लहान. त्या हसायलाच लागल्या. "काका, ते तर मी जुलैतच सांगितलं! पूर्ण तास खाल्ला बेलाताईंनी माझा." त्या पुन्हा समजवायला लागल्या, तर हा उठलाच. "नको. घरी ऐकतो."

परतताना स्कूटरवर मागे बसून मी सगळ्या संतांना हाका मारल्या.

बेला ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. आमची तोंडं बघून उभी राहिली.

"जुलैत कळलं तुला?" त्याने विचारलं.

"हो." ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, उत्तर मिळालं की परत ये. मला नाही यायचं परत. मला अजून खूप शिकायचंय."

"असं मी बोललो होतो?" बॅप्टिस्ट बघतच राहिला. त्याला आठवतही नव्हतं! "अगं, मी रोज विचारायचो ते मला ऐकायचं होतं म्हणून. इतकी वर्षं तू विचारतेस, ते माझ्याही डोक्यात बसलंय. कोळणीला विचारलं, डॉक्टरला विचारलं. आणि तुला ठाऊक असून तू मलाच सांगितलं नाहीस?"

बेलाला रडू फुटलं. खरं सांगते, मलाही.

तो पायरीवर बसला. "सांग आता."

डोळे पुसत ती सांगायला लागली. अर्धं झालं नाही तोच त्याने अडवलं. "थांब. त्याला ऐकू येतं, तर मग जाळं टाकलेलं ऐकू येत नाही का?"

"ते मला नाही माहीत."

"मग उद्या जाऊन विचार."