अक्काचं अंथरूण

आमच्या मॅडमनी आयुष्यात एकही वस्तू निर्जीव मानलेली नाही. सोलापूरच्या विद्यापीठातल्या मुद्राचित्रणाच्या स्टुडिओत त्या सकाळी शिरल्या की आधी कपाटाला रागवत, कारण ते रोज उघडताना कुरकुरायचं. मग कागद पाण्यात भिजवताना, "पी बाळा, सावकाश पी," असं त्याला समजावत. उन्हाळ्यात आमची तोंडं सुकून गेली तरी चालायचं, पण शाईच्या डब्यांवर ओले टॉवेल घातलेले असत. आणि खोलीच्या मधोमध उभी असलेली छपाईची अवजड प्रेस, जिला आम्ही हुशारीनं 'एचिंग प्रेस' म्हणायचो, ती तर मॅडमची अक्का, म्हणजे थोरली बहीणच होती. मॅडम मंद्रूपच्या. घरी कानडी, बाहेर मराठी आणि अक्काशी दोन्ही.

मला त्या 'कॉन्व्हेंट' म्हणायच्या. माझी शाळा कॉन्व्हेंट नव्हती, नुसती इंग्रजी माध्यमाची होती, पण हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. मी तेव्हा शक्यतो बोलत नसे. मनातलं वाक्य मराठीत नीट जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून जायचा. "ओ कॉन्व्हेंट, तुझं मौनव्रत सुटायला काय नैवेद्य लागतो गं?" मॅडम सगळ्यांसमोर विचारायच्या, आणि मी चित्र कोरलेली छपाईची प्लेट पुसत राहायचे.

कार्यशाळेसाठी बाहेरगावचे चित्रकार यायचे. त्यांची ओळख विभागप्रमुखांच्या आधी अक्काशी व्हायची. एकदा दिल्लीहून आलेला एक तरुण चित्रकार यावर हसला. झालं. त्यानं प्लेट ठेवली, चाकाला हात घातला, तर चाक हलेना. "रुसली ती," मॅडम म्हणाल्या. "सॉरी म्हणा की." तो बिचारा घामाघूम होऊन एका लोखंडी यंत्राला सॉरी म्हणाला, आणि चाक लोण्यासारखं फिरलं. तेवढ्यात मॅडमनी पदराआडून डावीकडचा स्क्रू सैल केलेला फक्त मी पाहिला होता.

पाहुणे खूश होऊन जायचे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचे, घरच्यांसाठी चादरी घ्यायचे, आम्हाला चार गोष्टी शिकवायचे आणि निघताना म्हणायचे, "चांगल्या प्रती आता घरी जाऊन काढतो." हे वाक्य मॅडमना टोचायचं. "हितं सगळे शिकवायला येतात," त्या म्हणायच्या. "एकानं तरी स्वतःचं खरं काम अक्कावर काढावं की. माझ्या रिटायरमेंटआधी एकानं तरी!"

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी ते घडायचं ठरलं. बडोद्याच्या एका ज्येष्ठ चित्रकार बाईंनी कळवलं की त्या आपली नवी प्लेट घेऊन येतील आणि सगळ्या प्रती इथंच काढतील. मॅडमनी ती बातमी शिपायापासून कपाटापर्यंत सगळ्यांना सांगितली. दिवस घटस्थापनेच्या आधीचे होते. आपल्याकडे तेव्हा घरोघरी अंथरुणं-पांघरुणं धुतात. मॅडमनी घरच्या गोधड्या धुतल्या, चादरी धुतल्या, आणि मग त्यांना आठवलं की अक्काचंही अंथरूण आहे.

कागदावर रोलरचा दाब मऊपणे पडावा म्हणून प्रेसमध्ये लोकरीचे जाड नमदे घालतात. ते मॅडमनी कढत पाण्यात, रिठ्याच्या फेसात, प्रेमानं घोळून काढले. बाई यायच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर गेले, तर तारेवर नमदे वाळत होते. आटून, कडक होऊन, पापडासारखे वाकडे झाले होते. खाली मॅडम बसल्या होत्या. कपाटावर नाही, कागदावर नाही, कुणावरच रागवत नव्हत्या, म्हणून मला भीती वाटली.

मुंबईच्या दुकानानं नवे नमदे यायला आठवडा लागेल असं सांगितलं. "बाईंना येऊ नका म्हणून कळवू या," विभागप्रमुख म्हणाले. "अय्य, साकु! पुरे!" मॅडमनी त्यांना तोडलं. सोलापुरात पांघरुणाला काय तोटा, म्हणून त्यांनी चादर घालून बघितली. जुन्या प्लेटची प्रत काढली, तर चित्रातल्या म्हाताऱ्याच्या गालावर चादरीचं कमळ उमटलं. कुणीही हसलं नाही.

"घोंगडं," मी म्हणाले.

सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं. आवाज कुणाचा ते कळेना.

"बाबांकडे आहे. सांगोल्याहून त्यांची बदली झाली तेव्हा शाळेतल्या लोकांनी दिलेलं. लोकरीचंच असतं ना?"

"व्रत सुटलं गं बाई!" मॅडम उठल्याच. त्यांनी मला स्कूटरवर घातलं आणि शुक्रवार पेठेत आमच्या दारात उभं केलं. बाबांनी पूजेला बसायचं घोंगडं हातात दिलं. "फाडू नका म्हणजे झालं," एवढंच म्हणाले. मौन आमच्या घराण्यातलंच आहे.

सकाळी बाई आल्या. मॅडमनी अक्काची ओळखही करून दिली नाही. सरळ म्हणाल्या, "तुमच्या येण्याच्या आनंदात मी नमदे धुऊन घालवले. घोंगड्यावर काढता येईल. नको असेल तर तुम्ही परत जा, माझा राग नाही." बाईंनी प्लेटला शाई लावली, पुसली, ओला कागद ठेवला, त्यावर घोंगडं. मॅडमनी स्वतः चाक फिरवलं.

बाईंनी कागद उचलला. चित्रात वर मोठं आभाळ होतं, खाली मोकळी जमीन. त्या जमिनीत घोंगड्याची वीण दबून उमटली होती, नांगरून ठेवलेल्या रानासारखी. बाईंनी कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"ही जमीन माझ्याकडून होत नव्हती," त्या म्हणाल्या. "रिकामी वाटायची. सगळ्या प्रती ह्याच्यावरच काढायच्या. कुणाला सुचलं हे?"

"आमच्या कॉन्व्हेंटला," मॅडम म्हणाल्या. "सांग की गं." आणि मी सांगितलं. सांगोल्यापासून कमळापर्यंत सगळं, एका दमात, मराठीत. बाई पोट धरून हसल्या. मॅडम अक्काच्या चाकावर थोपटत म्हणाल्या, "नोड्री अक्का, बघा! आता गप्प करायला काहीतरी शोधलं पाहिजे हिला."

शेवटची प्रत निघाली तेव्हा विभागप्रमुखांनी पेढे वाटले. मॅडमनी पहिला पेढा अक्कापुढे ठेवला आणि त्या दिवशी कुणीही हसलं नाही, मीसुद्धा स्क्रूकडे पाहिलं नाही. प्रदर्शनात बाबा त्या चित्रासमोर हात मागे बांधून उभे राहिले. घोंगडं त्यांनी परत मागितलं नाही.

आता मॅडम मंद्रूपला असतात आणि मी स्टुडिओत तासिकेवर शिकवते. प्रेसला नवे नमदे आहेत. घटस्थापना जवळ आली की फोन येतो.

"घोंगडं धुतलं नाहीस ना?"

"नाही, मॅडम."

"पाणी लावू नको. नुसतं ऊन दाखव. आणि अक्काला विचार, ही पोरगी नीट बघते का म्हणून."

फोन ठेवून मी घोंगडं गच्चीवर टाकून येते. मग खोलीत कुणी नाही ना, हे एकदा पाहते, आणि विचारते.