दारेसलाम ते नैरोबी

तात्यांनी तार माझ्या टेबलावर ठेवली आणि ते उभेच राहिले. मांडवी बंदरावरच्या बोटीच्या ऑफिसात मी तेव्हा बुकिंग क्लार्क होतो. तार त्यांच्या धाकट्या मुलाची, वासूची, दारेसलामहून आलेली. थोरला अप्पा नैरोबीत तापाने अत्यवस्थ आहे. मी बोटीने जाऊ की विमानाने, ते कळवा.

आमच्याकडचे मुलगे नोकरीला आफ्रिकेत गेले, तरी वडिलांना विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसत. मला त्याचा संताप यायचा.

"बापू, लांब किती रे ते?" तात्यांनी विचारलं.

मी तिकडच्या बोटीचं आणि टपाल नेणाऱ्या विमानाचं, दोन्ही टाइमटेबलं काढली. हवेतून सव्वाचारशे मैल. विमान छोटं, वाटेत झांजिबार, मोंबासा असं उतरत जाणार. तरी सकाळी सुटलं की त्याच दिवशी नैरोबी. पण ते परवा. बोट उद्याच होती. मोंबासाला उतरून पुढे रेल्वे. त्यात एक रात्र जास्त जाणार.

"मग विमानच. एक रात्र काय थोडी झाली?"

"तात्या, खाली बारीक अक्षरात छापलंय. पाऊस असला तर विमान सुटेलच असं नाही."

तात्यांनी दाराबाहेर बघितलं. धक्क्यावर आंब्याच्या पेट्या रचलेल्या. ऊन मी मी म्हणत होतं.

"मेल्या, चैत्र चाललाय. मिरगाला अजून किती अवकाश आहे, आणि पाऊस कसला काढतोस?"

पावसाळ्यात आमच्या बोटी बंद, हे मला पाठ होतं. पण तो पावसाळा इथला. आफ्रिकेत पाऊस कधी लागतो, ते ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हतं. तात्यांनी तिथेच उभ्या उभ्या तार लिहिली: विमानाने जा.

तिकडे ऐन पावसाळा होता. विमानतळ म्हणजे तेव्हा नुसतं गवताचं मैदान. नैरोबीच्या मैदानात चिखल झाला होता, विमान उतरवणार कुठे? दारेसलामलाही धो धो चाललेलं. वासूला ते डोळ्यांनी दिसत होतं. पण वडिलांची तार आली म्हटल्यावर त्याने बोट सोडून दिली, आणि रोज सामान घेऊन विमानाकडे जायचा नि परत यायचा. चौथ्या दिवशी अप्पा गेला. अग्नी त्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी दिला. वासू बोटीने निघाला असता तर भावाभावांची भेट झाली असती. हे मला कळत होतं आणि तात्यांनाही.

दिवसकार्य झाल्यावर ते ऑफिसात आले. या खेपेला खुर्चीवर बसले.

"बापू, तिकडे चैत्रात पाऊस पडतो?"

"पडतो, तात्या."

"दर पत्रात अप्पा विचारायचा, यंदा आंबा कसा आहे. मी एकदाही विचारलं नाही रे, तुझ्याकडे पाऊस कधी लागतो."

पुढे विमानाचं कोणी विचारलं की मी तास सांगत नसे. तिकडे पाऊस आहे का, ते आधी तारेने विचारून घेत असे. साहेब कुरकुरायचे, तारा फार होतात म्हणून. होऊ देत.